सामायिक पाण्याची वहिवाट

पेशवाई संपून पुण्यात इंग्रजी अंमल स्थिरावला, सरदार-मुत्सद्द्यांच्या घराण्यांची आमदनी ओसरली आणि ज्या वाड्यांतून एकेकाळी पंगती उठत त्यांचे सोपे, माड्या आणि परसाकडच्या खोल्या बिऱ्हाडकरूंना भाड्याने देण्याचा प्रघात पडू लागला, तेव्हा वाडा बांधणाऱ्याच्या स्वप्नातही न आलेला एक प्रश्न मालकासमोर उभा राहिला. एका कुटुंबासाठी खणलेल्या आडाचे, किंवा एका घराण्याला मिळालेल्या हौदाचे पाणी आठ-दहा चुलींनी वाटून कसे घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दफ्तरात लिहून ठेवलेले नाही. ते वाड्यावाड्यांतून, तक्रारींतून आणि तडजोडींतून हळूहळू वहिवाटीचे रूप घेत गेले. पाण्याची काटकसर उपदेशाने अंगी बाणते अशी आपली एक आवडती समजूत आहे, आणि उपदेशाची हौस असणाऱ्या समाजात ती असणे स्वाभाविकही आहे. परंतु ज्या घरांत अनेक कुटुंबे एका छपराखाली नांदली त्यांचा इतिहास पाहता निराळेच काही दिसते. आपला वाटा उद्याही मिळणार याची ज्याला खात्री आहे तो मनुष्य पाणी जपतो. ज्याला ती नाही तो आधी साठवतो आणि मग तेच साठवलेले ओतून देतो.

पुण्याचे पाणी मुळात कसे येत असे, हे आधी सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या ओढ्यावर बंधारे घालून तलाव करण्यात आले आणि तेथून जमिनीच्या पोटातून बांधीव नळ काढून तो थेट शनिवारवाड्यापर्यंत आणण्यात आला. त्यात कोणतेही यंत्र नव्हते. कात्रजच्या घाटापासून नदीकडे उतरत येणाऱ्या भूमीचा उतार हीच काय ती शक्ती. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते, त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ तळाशी बसे आणि साफसफाईसाठी माणसाला आत उतरता येई. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने दुसरा नळ आणला, रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेत पाणी घेतले, आणि शहरभर सार्वजनिक व खाजगी हौदांचे एक जाळेच तयार झाले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुणेकर पत्ता सांगताना अजून वापरतो, मग त्या हौदात पाणी असो वा नसो. ज्यांची सरकारदरबारी वट होती त्यांना मुख्य नळावरून आपल्या वाड्यात पाणी घेण्याची परवानगी मिळे. बाकीच्यांनी रस्त्यावरच्या हौदावर घागर न्यावी, अथवा पाणक्याला कावडीमागे पैसे द्यावेत.

या व्यवस्थेचा एक गुण पुढच्या काळातील सर्व व्यवस्थांहून वेगळा होता, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा: हौदाला वेळ नव्हती. नळाचे पाणी अहोरात्र संथपणे येत राही, म्हणून घरात पिंपे भरून ठेवण्याची निकड नव्हती. सकाळी लागेल तेवढे सकाळी आणावे आणि सायंकाळचे सायंकाळी. शिवाय हौदाच्या काठाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला पाण्याची पातळी डोळ्यांनी दिसत असे. वैशाखात ती दोन पायऱ्या खाली गेली की ही वार्ता सांगण्यास दवंडी लागत नसे, आणि ज्याची घागर त्या दिवशी प्रमाणाबाहेर वेळा भरली त्याचे नाव वाड्यात कोणाला ठाऊक नसेल असेही होत नसे. पाणी उपसावे लागे, डोक्यावर वाहावे लागे, जिना चढवावे लागे. आणि जी गोष्ट स्त्रियांच्या मानेवर आणि कमरेवर मोजली जाते तिचा अपव्यय फार काळ टिकत नाही. मात्र या मोजणीचा भार सर्वस्वी स्त्रियांनी वाहिला आणि काटकसरीचे श्रेय गृहस्थाच्या सुस्वभावाला मिळत राहिले, ही गोष्ट त्या काळाच्या स्मरणरंजनात रमणारे बहुधा विसरतात.

वाड्यातील रीती याच मोजणीतून उपजल्या. गंगाळात काढलेले पाणी संपले की स्नान संपले. त्यात पुन्हा भर घालावयाची तर बंबाशी जाऊन मागावे लागे आणि घरच्या वडीलधाऱ्या बाईची दृष्टी सहन करावी लागे. भांडी राखेने घासून दोन पाण्यांतून काढावयाची. पहिले पाणी मोरीत, दुसरे पुढच्या भांड्यांच्या पहिल्या पाण्यासाठी. तांदळाचे धुवण गोठ्यात गाईकडे जाई. मोरीतून बाहेर पडणारे पाणी पाटाने परसात नेऊन तेथे अळू, कर्दळ आणि केळ लावलेली असे, आणि बिऱ्हाडे कितीही असली तरी ते अळू कोणाच्या मालकीचे हा वाद प्रत्येक वाड्यात एकदा तरी झालेला असे. सोवळ्याचे पाणी वेगळे, पिण्याचे वेगळे, वापरण्याचे वेगळे. ही विभागणी धर्माच्या नावाने होत असली तरी तिचा व्यावहारिक परिणाम असा की, उत्तम पाणी हलक्या कामाला जात नसे. बिऱ्हाडकरू नवा आला की त्याला भाडे, दिवाबत्ती आणि संडास यांच्याबरोबरच आडावरची पाळीही समजावून दिली जाई. कोणत्या प्रहरी कोणी धुणे धुवावे, सोवळ्याचे पाणी कोणी प्रथम काढावे, श्रावणात आणि श्राद्धपक्षात कोणाला सवलत द्यावी, याचे नियम अलिखित असत. पण भाडेचिठ्ठीतील कलमांपेक्षा त्यांचा अंमल कडक असे.

या चित्रात एक फार मोठी उणीव आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून पुढे जाता येणार नाही. त्या हौदांवर सर्वांना हक्क नव्हता. ज्यांना हौदाला शिवण्याची मनाई होती त्यांनी हौदापासून दूर घागर ठेवून कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत तिष्ठत बसावे, ही रीत पेशवाई बुडाल्यावरही तशीच राहिली. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्या कृतीचा अर्थ केवळ औदार्याचा नव्हता. घरगुती पाण्याच्या वहिवाटीत जातीचा जो कायदा मुरलेला होता त्यालाच त्यांनी हात घातला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेने तदनुसार ठरावही केला, आणि तरीही मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्यावर हजारोंचा समुदाय घेऊन जावे लागले. ज्याला ओंजळभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागते तो थोड्या पाण्यात निभावतो हे खरे. त्याला कोणी काटकसर म्हणू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठा नदीवर खडकवासल्याला धरण झाले, कालव्याने पाणी शहराकडे आले आणि यथावकाश लोखंडी नळ पेठांतून फिरले. वाड्याच्या चौकात तोटी आली. आड उपसणे थांबले. या स्थित्यंतराविषयी अधिक न लिहिता मी मुंबईकडे वळतो, कारण सामायिक नळाची खरी संस्कृती, तिच्या सर्व सद्गुणांसह आणि विकारांसह, घडली ती तेथे.

मुंबई हे बेट असल्याने तिचे पाणी विहिरी आणि तलावांचे होते, आणि त्यांतील अनेक श्रीमंत धर्मशीलांनी पुण्यकर्म म्हणून बांधलेले होते. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, ही नावे ट्रामच्या आणि नंतर बसच्या पाट्यांवर राहिली, तलाव भरून टाकले गेले. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर तेवढी आपल्या श्रद्धावंतांच्या बळावर आजही आपल्या जागी आहे. वस्ती वाढत गेली तसे हे पाणी अपुरे पडले, आणि हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहारचा तलाव बांधून १८६० मध्ये बेटाबाहेरून नळाने पाणी आणण्यात आले. त्यामागून १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा आणि स्वातंत्र्योत्तर काळात, १९५७ मध्ये, अभियंते मोडक यांचे नाव धारण करणारा वैतरणेवरील जलाशय. शहराची तहान उत्तरेकडे अधिकाधिक दूर पाऊल टाकीत गेली. दरम्यान १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाचे मूळ विहिरींत वाढणाऱ्या डासांत असल्याचे दाखवून दिले, आणि म्युनिसिपालिटीने घरोघरच्या विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा तगादा लावला. पारशी आणि हिंदू घरमालकांनी धर्माच्या कारणाने हरकती घेतल्या, त्यांतल्या काही मान्यही झाल्या. परंतु एकंदरीत चाळीला स्वतःचे असे पाणी उरले नाही. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले असेल. तथापि त्या दिवसापासून चाळकरी मनुष्य सर्वस्वी नळाच्या वेळापत्रकाच्या अधीन झाला, हेही तितकेच खरे.

प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या; त्यानंतर १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि संडास व नळ प्रत्येक मजल्याला सामायिक. म्हणजे वीस चुलींनी मोजक्या तोट्यांतून, पाणी असेल त्या अवधीत, दिवसभराची गरज भागवावयाची. येथे हौदाच्या काठची सावकाशी संभवतच नव्हती. पहाटे चार वाजता नळाच्या तोटीतून हवेचा फुसकारा ऐकू आला की अंधारातच मजला जागा होई. रांगेत माणसांऐवजी हंडे, कळश्या आणि बादल्या उभ्या असत, आणि ज्याचे भांडे त्याचा नंबर हा न्याय इतका सर्वमान्य होता की, भांड्याची जागा सरकवणे हा माणसाला ढकलण्याइतकाच गंभीर अपराध मानला जाई. बाळंतिणीच्या घरचा हंडा मात्र न विचारता पुढे सरके. मृताच्या घरी पाणी शेजाऱ्यांनी भरून द्यावयाचे. पहिल्या पाळीला जाणाऱ्या गिरणीकामगाराची बादली आधी, कचेरीत जाणाऱ्या कारकुनाची नंतर. असे अपवाद ज्या मजल्यावर व्यवस्थित पाळले जात तेथे नळावरची भांडणे कमी असत. एकंदरीने पाहता चाळीने पाण्याच्या वाटपाची जी न्यायव्यवस्था कोणत्याही सरकारी हुकुमाविना उभी केली ती, माझ्या अल्प मतीस, तिच्या गणेशोत्सवाइतकीच कौतुकास्पद आहे.

परंतु याच व्यवस्थेत अपव्ययाचे बीजही होते. पाणी ठरावीक वेळीच येणार आणि उद्या ते येईल की नाही, दाबाने येईल की करंगळीएवढ्या धारेने येईल, हे अनिश्चित. म्हणून प्रत्येक बिऱ्हाड आपल्या गरजेहून अधिक साठवीत असे. मोरीत पिंप, पिंपावर पितळी पातेली, खाटेखाली बादल्या, आणि चिमुकल्या खोलीतील सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे पाण्याचीच. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला की कालचे पाणी शिळे ठरे आणि ते मोरीत ओतून ताजे भरले जाई. या शिळ्या पाण्याच्या कल्पनेला शुचितेचा आधार मिळाला, आरोग्याचाही मिळाला, पण तिचे खरे कारण मला नळाच्या वेळापत्रकात दिसते. हौदाच्या काळात रात्रीचे उरलेले पाणी पहाटेच्या सड्याला जात असे, कारण ताजे पाणी आणण्यास श्रम पडत. नळाच्या काळात जुने पाणी ओतणे हाच श्रम वाचवण्याचा मार्ग झाला, कारण पिंप रिकामे नसेल तर आजचा वाटा घ्यायचा कुठे? ज्या चाळींतून काही जाणत्या स्त्रियांनी हे पाणी ओतण्याऐवजी सामायिक संडासाच्या टाकीत नेऊन टाकण्याचा रिवाज घातला, तेथे एकाच युक्तीने दोन प्रश्न सुटले. मात्र टाकीपर्यंत बादली नेणार कोण, यावर तिसरा प्रश्न उपस्थित होई.

गिरणगावातील भाड्याच्या खोल्यांत याहून निराळे एक सहजीवन होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे पुरुष, बहुधा एकाच गावचे, एक खोली मिळून घेत, पाळ्यांनी निजत, खाणावळवालीकडे जेवत आणि भाड्याचा वाटा दरमहा हिशेबाच्या वहीत मांडीत. गोव्यातून येणाऱ्या खलाशांच्या, आचाऱ्यांच्या आणि वाजंत्र्यांच्या कुडी धोबी तलाव आणि माझगाव भागांत होत्या; एका गावाची एक कूड, तीत वेदी, सायंकाळची तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि सर्वांना बंधनकारक असे नियम. अशा जागी पाण्याची शिस्त तुलनेने सोपी असे, आणि याचे कारण पुरुषांच्या सद्गुणात शोधू नये. प्रत्येकाची सामग्री म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी, घरात पिंपे ठेवण्यास जागा नाही, आणि खोलीतला दुसरा माणूस आपल्याच गावचा असल्याने येथील गैरवर्तन पुढच्या बोटीने गावी पोहोचण्याची धास्ती. लोकलाजेचा धाक गावाहून मुंबईपर्यंत ताणता येतो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल.

घरमालक आणि भाडेकरू यांच्या संबंधांत पाणी हे फार जुने शस्त्र आहे. भाडे थकले की तोटी बंद करणे, रात्री चौकातल्या नळाला कुलूप घालणे, पंप नादुरुस्त असल्याची बतावणी करणे, या युक्त्या मालकवर्गास कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा प्रथम आला आणि १९४७ च्या कायद्याने तो विस्तृत झाला; त्यात भाडे १९४० च्या पातळीस बांधले गेलेच, शिवाय पाणी, दिवाबत्ती यांसारखा आवश्यक पुरवठा मालकाने तोडू अथवा रोखू नये असे स्वतंत्र कलमही घालण्यात आले. भाडेकरूच्या दृष्टीने हे कलम म्हणजे मोठे संरक्षण होते, आणि त्याची गरज नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु गोठलेल्या भाड्यात गंजलेला नळ बदलण्याची ऐपत मालकाला उरली नाही, किंवा ऐपत असूनही इच्छा उरली नाही. आणि ज्या नळाची दुरुस्ती मालक करणार नाही व भाडेकरूने करावी तर तो मालमत्तेचा मालक नाही, त्या नळाचे थेंब वर्षानुवर्षे गळत राहिले. वायसरची किंमत काही आण्यांची, पण ती कोणी द्यावी हा तंटा लघुवाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्याच्या योग्यतेचा. भरीस भर म्हणून पाणीपट्टी बहुतांशी मिळकतीच्या करपात्र मूल्यावर आकारली जाई. पाणी किती वापरले याचा आणि पट्टी किती भरली याचा काही संबंधच नसेल तर पाणी वाचवण्यात कोणाचा काय लाभ?

पुण्यात जुन्या आणि नव्या पाण्याची परीक्षा एका दिवसात झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकामाधीन धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासला धरण कोसळले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर शहरात सर्वत्र चिखल आणि तोट्या मात्र कोरड्या, कारण पाणी देणारा जलाशयच उरला नव्हता. त्या दिवसांत कात्रजच्या पाण्यावर चालणारे जुने हौद आणि वाड्यांचे विसरलेले आड पुन्हा उपयोगात आले. ज्या आडांवर झाकण टाकून लोकांनी वर चपलांची घडवंची मांडली होती, त्यांच्यासाठी पोहऱ्यांचा शोध सुरू झाला. पाणी पुन्हा हाताने उपसून, डोळ्यांनी मोजून वापरण्याची पाळी आली, आणि वडीलधाऱ्या बायकांनी ज्या रीती सांगूनही सुना ऐकत नव्हत्या त्या काही आठवड्यांपुरत्या आपोआप परतल्या. नळ पुन्हा सुरू झाल्यावर त्या पुन्हा गेल्या, याचेही कोणाला आश्चर्य वाटले नाही.

आपापल्या घरात आपापला नळ, ही कल्पना मध्यमवर्गात रुजण्याचे श्रेय सहकारी गृहसंस्थांना द्यावे लागेल. मुंबईत गावदेवीला सारस्वतांची संस्था १९१५ मध्ये स्थापन झाली, आणि पुढच्या अर्धशतकात ब्लॉकमध्ये राहणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. गच्चीवर टाकी, तळाशी टाकी, मध्ये विजेचा पंप, आणि वॉचमनच्या हाती व्हॉल्व्हची चावी. पातळी आता कोणालाच दिसत नाही. इमारतीला एक मीटर असतो, त्याचे बिल सदनिकांत समान वाटले जाते, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धेने आठ माणसांच्या कुटुंबाइतकीच रक्कम भरावी यात अन्याय आहे हे वार्षिक सभेत दरवर्षी कोणीतरी बोलतो व दरवर्षी विषय पुढे ढकलला जातो.

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत मात्र सामायिक बिऱ्हाडाने नवा जन्म घेतला आहे. ज्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या तेथे, आणि जे वाडे अद्याप तग धरून आहेत त्यांच्या माडीवर, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मराठवाडा-विदर्भाची मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत चार कॉट, भाडे कॉटमागे, पाणी त्यातच धरलेले. मोरीच्या दारावर मालकाच्या हस्ताक्षरात नियमांची पाटी असते, आणि पुणेरी पाट्यांची जी ख्याती आहे ती या पाट्या बहुधा राखतात. तरीही पाटीने विशेष साधत नाही. ज्या घरांत मालकाने टाकीला पातळी दाखवणारी काचेची नळी बसवून घेतली, किंवा आंघोळीला पाळी आणि बादली ठरवून ती बादलीच एक ठेवली, तेथे मुलांनी आपसांतच हिशेब सुरू केला. ज्यांची गावे उन्हाळ्यात टँकरवर जगतात अशा मुलांना बादलीचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. महानगरपालिकेने अलीकडे नळजोडांना मीटर बसवण्याचे काम हाती घेतले आहे, आणि मीटरप्रमाणे आकारणी सुरू झाली की भाड्यात पाणी धरण्याची ही जुनी पद्धत चालू राहणे अवघड आहे. त्या वेळी मीटर कोणाच्या नावाचा, वाटा कॉटमागे की बादलीमागे, आणि सुटीत गावी गेलेल्या मुलाने त्या महिन्याचे पाणी द्यावे की नाही, याच्या तडजोडी पुन्हा मोरीच्या दाराशीच व्हावयाच्या आहेत.